डिस्क भरली, अपलोड अडलं

आमच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं मी घरच्या पीअरट्यूब (स्वतःच्या सर्व्हरवरून व्हिडिओ दाखवायचं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर ठेवतो. परवा अपलोडच होईना. डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी 'डीएफ' ही कमांड चालवली, तर डिस्क ९९ टक्के! ट्रान्सकोडिंग (व्हिडिओचं वेगळ्या फॉरमॅटमध्ये रूपांतर) चालू असताना दोनदा वीज गेली होती. त्यातल्या अर्धवट फाइली तशाच पडून होत्या. हाताने उडवायचा धीर होईना, चुकून आजीचा हरिपाठ गेला असता तर? आधी बाहेरच्या ड्राइव्हवर बॅकअप घेतला. सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या 'सिस्टमसीटीएल' कमांडने पीअरट्यूब थांबवलं (हे विसरू नका) आणि पीअरट्यूबचीच, नको असलेल्या फाइली शोधून पुसणारी 'एनपीएम रन प्रून-स्टोरेज' ही कमांड दिली. एरर! कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फोल्डरचा पत्ता द्यायचा राहिला होता. 'सुडो'ने (दुसऱ्या युजरच्या नावाने कमांड चालवायची सोय) पीअरट्यूबचा युजर घेऊन, फोल्डरचा पत्ता आणि 'प्रॉडक्शन' (म्हणजे प्रत्यक्ष वापरातला सर्व्हर) सांगून तीच कमांड पुन्हा चालवली. फाइली पुसण्याआधी ती विचारते, याचा फार आधार वाटला. 'वाय' (म्हणजे हो) दाबलं. सर्व्हिस चालू केली, हरिपाठ लावला, आजीचा आवाज आला.