अमेरिकेत गाडी चालवताना रडार डिटेक्टर कसा वापरायचा, आणि स्कॅनरच्या नादी का लागू नये

लाँग वीकेंड जवळ आला की न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनाला जाणारे आपले लोक हमखास विचारतात, डिटेक्टर (पोलिसांचं स्पीड मोजणारं रडार आधीच ओळखून इशारा देणारं यंत्र) घेऊ का, कुठला घेऊ, पोलिसांचं बोलणं ऐकू येणारा तो स्कॅनर चालतो का. दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतो.

आधी कायदा, कारण यंत्र चुकीचं घेतलं तर शे-दोनशे डॉलर जातात पण कायदा चुकला तर फार मोठी किंमत मोजावी लागते. साध्या खाजगी कारमध्ये रडार डिटेक्टर वापरणं अमेरिकेत जवळपास सगळीकडे कायदेशीर आहे, बंदी फक्त व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये. शिवाय मिलिटरी बेसच्या आत चालत नाही, आणि १०,००० पौंडांवरच्या कमर्शियल गाड्यांना फेडरल नियमानेच मनाई आहे, म्हणजे कोणी ट्रकिंगच्या धंद्यात असेल तर विषय संपला. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात डिटेक्टर चालतो पण विंडशील्डवर वस्तू लटकवण्याबद्दल नियम कडक आहेत, तिथे डॅशबोर्डवर ठेवा. कॅनडात आणखी वेगळं, ओंटारिओत पूर्ण बंदी, यंत्र जप्तच करतात, म्हणजे नायगारा बघायला पलीकडे जायचं असेल तर ते घरी ठेवून निघा.

आता व्हर्जिनिया. याच्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे कारण आय-९५ वरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते पार करावंच लागतं. तिथे लिमिटच्या २० मैल वर गेलात, किंवा लिमिट काहीही असो ८५ च्या वर गेलात, तर ते साधं तिकीट नसतं, रेकलेस ड्रायव्हिंग असतं, आणि रेकलेस म्हणजे क्लास १ मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा, कायद्यात २,५०० डॉलरपर्यंत दंड आणि १२ महिन्यांपर्यंत जेल लिहिलेली आहे. काही ठिकाणी लिमिट ७० आहे, म्हणजे ८६ म्हणजे फक्त १६ जास्त, आपल्याला वाटतं काय एवढं, पण ते रेकॉर्डवर गुन्हा म्हणून बसतं आणि एच-वन किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाला पुढे प्रत्येक फॉर्मवर ते लिहावं लागतं. वर तिथल्या पोलिसांकडे डिटेक्टर ओळखणारी यंत्रं असतात, स्पेक्टर नावाचं एक आहे, कारण डिटेक्टरमधून स्वतःच्याही अगदी बारीक लहरी बाहेर पडतात आणि ते त्या पकडतं. काही महागडे डिटेक्टर यातून सुटतात असं लोक सांगतात, त्याच्या भरवशावर राहू नका. मेरीलँड संपून व्हर्जिनिया लागायच्या आधी गाडी थांबवा, यंत्र वायरीपासून काढा, डिकीत बॅगेत ठेवा. तिथला कायदा असा आहे की यंत्राला पॉवर नसेल आणि ते ड्रायव्हर किंवा पॅसेंजरच्या हाताला लागत नसेल तर गुन्हा नाही, त्यामुळे ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकून चालत नाही, डिकीतच. आणि मग पुढे एम्पोरिया संपेपर्यंत क्रूझ लिमिटवर लावून शांत बसा, ते गाव तिकिटांसाठी पूर्व किनाऱ्यावर सगळीकडे प्रसिद्ध आहे.

यंत्र करतं काय ते थोडक्यात. पोलिसाची रडार गन रेडिओ लहर सोडते, ती तुमच्या गाडीवर आपटून परत जाते, गाडी हलती असल्याने परत गेलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी किंचित बदललेली असते आणि त्या फरकावरून स्पीड निघतो. के बँडच्या (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) गनला ताशी प्रत्येक मैलामागे साधारण ७२ हर्ट्झचा फरक दिसतो, एवढंच सगळं गणित. डिटेक्टर फक्त ऐकतो. त्याचा फायदा असा की परत जाऊन पोलिसाला वाचता येईल इतकी ताकद त्या लहरीत उरायच्या बरंच आधी ती तुमच्यापर्यंत पोचलेली असते, म्हणून टेकाडापलीकडचा, वळणाआडचा रडारही कळतो.

बँड तीन. एक्स बँड १०.५२५ गिगाहर्ट्झ, जुना, आता जवळजवळ संपला, न्यू जर्सी-ओहायोत कुठेकुठे अजून निघतो. के बँड २४.१५ च्या आसपास, हा सगळ्यात डोकेदुखीचा, कारण याच पट्ट्यात दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि शेजारच्या गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही बोलतात. आणि केए बँड ३३.४ ते ३६, यात गन बहुतेक ३३.८, ३४.७ नाहीतर ३५.५ वर असतात. हे तीन आकडे पाठ करा, खरंच पाठ करा, कारण स्क्रीनवर ३४.७ दिसलं तर ते दुकानाचा दरवाजा नाही, पुढे पोलीस आहे हे जवळपास नक्की.

घ्यायचा कुठला? युनिडेनची आर सीरीज, व्हॅलेंटाइन वन, एस्कॉर्ट, रॅडेन्सो, या चारात बघा. बाण दाखवणारा, म्हणजे धोका पुढे आहे की मागे हे सांगणारा, परवडत असेल तर तोच घ्या, कारण मागून येणारा पोलीस आणि मागे गेलेला पोलीस यात फरक कळतो. बजेट कमी असेल तर बाण सोडा पण जीपीएस सोडू नका. साठ-सत्तर डॉलरला मिळणारे स्वस्त डब्बे घेऊच नका, ते एक तर सारखे ओरडतात नाहीतर इतक्या उशिरा ओरडतात की काही उपयोग नाही.

लावायचा कसा हे लोक फार हलक्यात घेतात. विंडशील्डवर उंच, आरशाच्या जवळ, सरळ लेव्हलमध्ये, समोर वायपर किंवा काचेवरचा गडद पट्टा येता कामा नये आणि मागच्या काचेतूनही त्याला दिसलं पाहिजे. काही गाड्यांच्या काचेत धातूचा थर असतो, गरम होणारी विंडशील्ड असते, त्यातून रडार नीट येतच नाही, त्या गाडीत डिटेक्टर लावून काही फायदा नाही, आधी तपासा. वायर लोंबकळत ठेवण्यापेक्षा आरशाच्या वायरिंगमधून पॉवर घेणारं मिरर टॅप मिळतं ते बसवून घ्या. पार्क करताना काढून ठेवा, काच फोडून नेतात, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत यंत्र खराबही होतं.

सेटिंगला एक संध्याकाळ द्या, खरी करामत इथेच आहे. एक्स बँड बंद करा (तुमच्या भागात तो चालू असल्याचं कळलं तरच ठेवा). पीओपी (अगदी क्षणभरच लहर सोडणाऱ्या रडारसाठीचं सेटिंग) बंद. के बँडचा फिल्टर आणि ट्रॅफिक सेन्सर वाला फिल्टर चालू. न्यूयॉर्क शहरात जाणं-येणं असेल तर एमआरसीडी चालू ठेवा, तिथल्या कॅमेऱ्यांच्या रडारसाठी ते लागतं, नाहीतर बंद, कारण त्यानेही खोटे इशारे वाढतात. जीपीएस असलेल्या यंत्रात रोजच्या रस्त्यावरच्या खोट्या जागा लॉक करता येतात, इंडियन ग्रोसरीच्या प्लाझाचा दरवाजा दर शनिवारी ओरडतो तो एकदाचा गप्प होतो. फक्त केए कधीही लॉक करू नका. शहरात सेन्सिटिव्हिटी सिटीवर, बाहेर पडलात की हायवेवर. पहिले काही आठवडे यंत्र फक्त ऐका, आपल्या रस्त्यावर कुठे काय वाजतं ते कानाला बसू द्या, मग त्यातला वेगळा आवाज लगेच कळतो. बहुतेक लोक इथेच कंटाळतात, सारखं वाजतं म्हणून म्यूट करतात आणि खरा वाजतो तेव्हा ऐकूच येत नाही.

वाजलं की काय करायचं: पाय काढायचा. ब्रेक दाबायचा नाही, ७० वर मागचा माणूस फोनमध्ये डोकं घालून असेल तर तुम्ही तिकीट वाचवायला जाऊन कोणाचा तरी जीव घालवाल. पाय काढा, स्पीडोमीटर बघा, उजव्या लेनमध्ये या. सिग्नल हळूहळू वाढत गेला तर गन सतत चालू आहे. पण एक-दोन सेकंद वाजून पूर्ण गप्प झाला, परत एकदा वाजला, गप्प झाला, तर याच्यापासून जास्त सावध राहा, हा इन्स्टंट-ऑन. पोलीस गन बंद ठेवून बसलाय आणि तुमच्या पुढच्या गाड्यांवर एकेक नेम धरून दाबतोय, तुम्हाला ऐकू येतंय ते त्याचं उरलंसुरलं. पुढे गाडीच नसेल तर हे उरलंसुरलंही मिळत नाही, पहिला बळी तुम्हीच, म्हणून रिकाम्या रस्त्यावर रात्री डिटेक्टरचा भरवसा सगळ्यात कमी.

लेझरचं दुःख वेगळं. लायडर गनचा झोत १,००० फुटांवर जेमतेम तीन फूट रुंद असतो, पोलीस तुमच्या नंबर प्लेटवर नाहीतर हेडलाइटवर नेम धरतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत आकडा घेतो. डिटेक्टर लेझर म्हणून ओरडला म्हणजे बहुतेक वेळा मोजून झालेलं असतं. यावर जॅमर मिळतात, त्यात पडू नका. रडार जॅमर फेडरल गुन्हा आहे, कुठल्याच राज्यात चालत नाही, आणि लेझर जॅमर टेक्सास, कॅलिफोर्निया, व्हर्जिनियासह बऱ्याच राज्यांनी बंद केलेत.

काही ठिकाणी तर लहरच नसते. पेनसिल्व्हेनियात रडार वर्षानुवर्षं फक्त स्टेट पोलिसांकडे, गावातल्या पोलिसांना वापरायला मनाई, म्हणून ते रस्त्यावर पांढऱ्या रेषा मारून दोन रेषांमधला वेळ मोजतात. डिटेक्टर तिथे मुका. रस्त्यावर आडव्या पांढऱ्या रेषांची जोडी दिसली की समजायचं. तसंच मागे मागे राहून स्पीड जुळवणारा ट्रूपर, किंवा वरून विमानातून मोजणं, यातलं काहीच त्याला कळत नाही. म्हणून डिटेक्टरच्या जोडीला फोनवर वेझ हे ॲप लावाच. पोलीस कुठे बसलाय हे पुढच्या ड्रायव्हरने टाकलेलं असतं, आणि रेषा असो लेझर असो, माणसाच्या डोळ्याला ते दिसतं. न्यूयॉर्क शहरात शाळांजवळचे कॅमेरे ऑगस्ट २०२२ पासून दिवसरात्र चालतात, लिमिटच्या १० मैलांहून जास्त वर गेलात की ५० डॉलर, ते ठिकाणही वेझवर दिसतं. मला कोणी विचारलं दोनातलं एकच घ्यायचं तर काय, तर मी वेझ सांगेन, फुकट आहे आणि व्हर्जिनियातही चालतं.

आता स्कॅनर. हे वेड १९७४ मध्ये देशभर ५५ ची लिमिट लागली तेव्हाचं, ट्रकवाले सीबी रेडिओवर (गाडीतून गाडीत बोलायचा साधा रेडिओ) चॅनल १९ ला एकमेकांना पोलीस कुठे बसलाय ते सांगायचे. सीबी अजूनही कायदेशीर आहे, लांबच्या हायवेवर कधीकधी कामाची माहिती मिळते. पोलीस स्कॅनर मात्र स्पीडच्या तिकिटासाठी जवळजवळ निरुपयोगी. पोलीस गन घेऊन बसतो तेव्हा रेडिओवर जाहीर करत नाही, गाडी थांबवल्यावर सांगतो की अमुक माइल मार्करला स्टॉप केलाय, म्हणजे तुम्हाला फार तर कळतं की कोणीतरी आधीच पकडला गेला. बाकी सगळं आता डिजिटल, पी-२५ ट्रंकिंग नावाच्या पद्धतीचं, त्यासाठी चांगला स्कॅनर सहा-सातशे डॉलरचा, आणि एवढे घालून मोठ्या शहरांनी एन्क्रिप्ट केलं की काहीच ऐकू येत नाही, न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून तेच सुरू केलंय. फोनवरच्या ॲपमध्ये आवाज उशिरा येतो, ६५ मैलांच्या स्पीडने जाताना त्या उशिरात तुम्ही ते ठिकाण मागे टाकलेलं असतं.

शिवाय गाडीत स्कॅनर ठेवण्यावरच न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा इथे निर्बंध आहेत. त्यात बऱ्याच ठिकाणी हॅम रेडिओ (हौशी लोकांचा रेडिओ) लायसन्स असलेल्याला सूट असते. ते लायसन्स आपल्यालाही मिळतं, नागरिक असायची गरज नाही, टेक्निशियनच्या परीक्षेला ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास, फी ३५ डॉलर. रेडिओची आवड असेल तर नक्की द्या, फार सुंदर छंद आहे. पण तिकीट चुकवायचं म्हणून नको, कारण ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं किंवा स्वतःच्या फायद्यासाठी वापरणं याला फेडरल कायद्यातही आडकाठी आहे.

एवढं करूनही दिवे मागे लागले तर सिग्नल देऊन उजवीकडे थांबा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि गाडीतून उतरू नका. आपल्याकडे उतरून साहेबांकडे जाऊन बोलायची सवय असते, इथे तो धोक्याचा इशारा समजतात. आई-बाबा मागे बसले असतील तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा, बाबा दार उघडायला जातात. किती स्पीड होता असं विचारलं तर अंदाजाने आकडा सांगू नका. तिकीट मिळालं की लगेच ऑनलाइन भरून टाकू नका, भरणं म्हणजे गुन्हा कबूल. न्यू जर्सीत लिमिटच्या वर १४ मैलांपर्यंत लायसन्सवर दोन पॉइंट, १५ ते २९ ला चार, त्याच्या वर पाच, आणि पॉइंट आले की इन्शुरन्स वर्षानुवर्षं वाढलेला राहतो. कोर्टात जाऊन प्रॉसिक्युटरशी बोललात तर बरेचदा अनसेफ ड्रायव्हिंगवर आणतात, त्याला पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत, पण २५० डॉलरचा जादा सरचार्ज आहे, हिशोब करून ठरवा. व्हर्जिनियाचं रेकलेस असेल तर हिशोब करू नका, त्याच काउंटीतला वकील धरा, आणि इमिग्रेशनची फाइल चालू असेल तर त्या वकिलालाही त्याच दिवशी कळवा.

आणि पुढच्या ट्रिपला यंत्र पुण्याला न्यायचा विचार असेल तर नेऊ नका. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर कॅमेरे दोन कमानींमधल्या वेळेवरून सरासरी स्पीड काढतात, त्यात ऐकण्यासारखी लहरच नसते.