सातपुड्यात रानपिंगळा कसा शोधावा

रानपिंगळा हे छोटं घुबड, पण दिवसा शोधायचा पक्षी आहे. घुबड म्हटलं की रात्री टॉर्च घेऊन निघायची सवय इथे कामाची नाही.

१८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले पक्ष्यांचे जुने नमुने तपासले, तेव्हा ब्रिटिश पक्षी-संग्राहक मायनर्ट्झहागन यांची १९१४ ची गुजरातमधल्या मांडवीची नोंद चोरीच्या नमुन्यावर रचलेली निघाली. ती गाळून उरलेल्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सोबत्यांना पक्षी दिसला. म्हणून पहिली पायरी घरीच: जुन्या नोंदींपैकी कोणती कशाच्या आधारावर उभी आहे, ते पाहा.

मग वनविभागाची परवानगी काढा. तोरणमाळ आणि यावलच्या बाजूला विरळ सागाचं रान निवडा. हिवाळ्याच्या उत्तरार्धात साग निष्पर्ण होऊ लागला की शेंड्याजवळच्या उघड्या फांदीवर बसलेला पक्षी दिसतो. उजाडल्यापासून दहापर्यंत वेळ द्या. दोनशे-अडीचशे पावलं चाला, दहा मिनिटं गप्प उभे राहा. बहुतेक जण इथेच घाई करतात. पक्षी बराच वेळ हलत नाही. आपण चालत राहिलो तर तो फांदीचा खुंट वाटून सुटतो.

ओळखताना सगळ्यात जास्त चुका होतात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, जंगली पिंगळ्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग पांढरा, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. सूर्य समोर असेल तर ठिपके दिसतच नाहीत आणि साधा पिंगळाही रानपिंगळा भासतो. सूर्य पाठीशी घ्या, मगच डोकं पाहा.

वहीत आधी दिसलं ते लिहा, नाव शेवटी: वेळ, जागा, झाड, फांदीची उंची, डोकं, छाती, पोट, आवाज. नाव आधी लिहिलं की मन त्याला साजेशी लक्षणं शोधू लागतं. काही दिसलं नाही तरी किती वेळ, कुठून कुठे फिरलात ते लिहा. ही रिकामी नोंदही तितकीच मोलाची, कारण तिच्याशिवाय पक्षी कमी झाला की शोधणारेच कमी होते, हे पुढे कळणार नाही.

पाड्यावर पावरा किंवा भिल्ल माणसांना विचारताना “रानपिंगळा आहे का?” असं विचारू नका. पाहुण्याचं मन राखायला कुणीही “आहे” म्हणेल. तिन्ही पिंगळ्यांची चित्रं नावाशिवाय समोर ठेवा, “यातलं काय दिसतं, कुठे, कोणत्या वेळी?” एवढंच विचारा.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. तो आपल्या हद्दीत दुसरा घुसला समजून शिकार सोडून ओरडत राहतो, आणि थंडीत विणीचा काळही चालू असतो. घरट्याची ढोली सापडली तर लांबूनच मागे फिरा. तिचा नेमका पत्ता फक्त वनविभागाला द्या, फोटोसोबत कुठेही टाकू नका.