जुन्या चेन डोझरचा डायनामो बदलून अल्टरनेटर बसवताना : हंगामापूर्वीचा सल्ला

पाऊस उघडला की कोकणात आधी भात कापायची घाई, आणि ते घरात येते न येते तोच डोंगरउताराची कामे उभी राहतात. नव्या कलमांसाठी टप्पे काढायचे, काजूच्या बागेत गाडीवाट करायची, वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत मजगी, म्हणजे बांधाची सपाट खाचरे बांधायची. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवड सुरू झाली आणि आंबा-काजू डोंगरावर चढले. अशा उतारावर टायरचा ट्रॅक्टर घसरतो, चेनचा टिकतो. म्हणून तीस-चाळीस वर्षांचे जुने डोझर आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गात कामावर आहेत. त्यांची इंजिने दणकट आहेत. कमजोर पडते ती चार्जिंगची बाजू, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जुना डायनामो. त्याच्याच कामाचे नवे यंत्र म्हणजे अल्टरनेटर.

खंडेनवमीला यंत्राला हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला की बॅटरी उठत नाही, हा अनेकांचा दरवर्षीचा अनुभव. चार महिन्यांच्या दमट, खाऱ्या हवेत डायनामोच्या कम्युटेटरवर (वीज बाहेर देणाऱ्या तांब्याच्या फिरत्या भागावर) काळा थर बसतो, त्यावर घासणारे कार्बन खाचेत अडकतात आणि कटआउटच्या (बॅटरीतली वीज उलट डायनामोत जाऊ न देणाऱ्या स्विचच्या) पेटीतले पॉइंट गंजतात. दरवर्षी पॉलिश पेपर मारून ते चालवता येतात, पण हंगाम ऐन भरात असताना पुन्हा बंद पडतात. डायनामो बदलायचा असेल तर दसरा ते दिवाळी हाच काळ धरा. नंतर यंत्र एका जागी दोन दिवस उभे ठेवणे कोणालाच परवडत नाही, आणि लेथवालाही मोकळा सापडत नाही.

पण सगळ्यांनीच बदलावा असे नाही. तुमचा डोझर फक्त दिवसा चालत असेल, डायनामो चार्ज देत असेल, तर नवे कार्बन, बेअरिंग आणि कम्युटेटरवर लेथचा हलका हात एवढे पुरे. ज्या जुन्या यंत्रांत डिझेल इंजिन फिरवायला वेगळे छोटे पेट्रोल इंजिन असते आणि त्याला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारा) असतो, तिथे तर बॅटरीचे काम दिव्यांपुरतेच. बदल खरा गरजेचा ठरतो तो रात्री काम करणाऱ्यांना. मार्च-एप्रिलच्या उन्हात तापलेल्या कातळावर दुपारी माणूस थांबू शकत नाही, म्हणून संध्याकाळनंतर ब्लेड चालते. ५५ वॅटचा एक हॅलोजन १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर खातो. असे चार लावले की १८ अँपिअर. जुने लहान डायनामो बरेचदा ११ किंवा २२ अँपिअरचे असतात आणि तेही इंजिन चढत्या वेगावर असताना. रिकाम्या चालीवर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, दिवे सरळ बॅटरीतून पितात. अल्टरनेटर कमी वेगावरही चार्ज देऊ लागतो, आणि वीज उलट फिरू नये म्हणून त्याच्या आत डायोड असतात. त्यामुळे कटआउटची गरजच उरत नाही.

पहिली तपासणी बॅटरीची कुठली बाजू चेसिसला जोडली आहे ही. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या यंत्रांत बहुधा पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चेसिसला, आणि बाजारात मिळणारे अल्टरनेटर जवळपास सगळे निगेटिव्ह अर्थचे. उलट्या बॅटरीला अल्टरनेटर जोडला की क्षणात डायोड जळतात, इंजिन सुरू व्हायचीही वाट पाहत नाहीत. म्हणून आधी बॅटरी फिरवून घ्या. सेल्फ मोटर, साधे बल्ब यांना दिशेचे सोयरसुतक नसते, ती तशीच चालतात. अँमीटरचा काटा उलटा हलेल, त्याच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल करा. काही मोठ्या यंत्रांत मात्र चेसिसला कुठलीच बाजू जोडलेली नसते, दोन्ही वायरी वेगळ्या फिरतात. तिथे साधा अल्टरनेटर चालणार नाही, दोन्ही टर्मिनल बॉडीपासून वेगळे असलेलाच घ्यावा लागतो.

व्होल्टही डोळ्यांनी बघून घ्या. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्ट असे नाही. त्या ओळीने जोडल्या असतील तर २४, शेजारी-शेजारी जोडल्या असतील तर १२. आणि २४ व्होल्टच्या यंत्रावर एकाच बॅटरीतून १२ व्होल्टचा दिवा काढू नका. एक बॅटरी नेहमी उपाशी आणि दुसरी नेहमी जास्त चार्ज, अशी दोन्ही मरतात.

भंगारातून अल्टरनेटर आणणार असाल तर त्याच्या पाठीमागे बघा. जीप-पिकअपसारख्या डिझेल गाड्यांच्या अनेक अल्टरनेटरना मागे ब्रेकसाठी व्हॅक्युम पंप जोडलेला असतो. त्याला इंजिनमधून ऑइल लागते. ऑइलची नळी न जोडता तो फिरवला की पंप जाम होतो आणि पट्टा तुटतो. बिनपंपाचा, आतच रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) असलेला, साधारण ३५ ते ४५ अँपिअरचा ट्रॅक्टरचा अल्टरनेटर शोधा. याहून मोठा घेऊन काही मिळत नाही.

सर्वात जास्त बसवणी फसते ती पुलीवर. जुन्या चेन ट्रॅक्टरचे इंजिन सावकाश फिरते, पूर्ण वेगाला मिनिटाला १४०० च्या आसपास, रिकाम्या चालीला ५०० फेरे. डायनामोची मोठी पुली काढून तीच अल्टरनेटरला बसवली तर काय होते ते पाहा. क्रँकची (इंजिनाची) पुली १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरवर १०० मिलिमीटरची, म्हणजे दीडपट वेग. रिकाम्या चालीला अल्टरनेटर ७५० फेऱ्यांवर राहतो आणि उठतच नाही. मग लोक म्हणतात, नवा अल्टरनेटरच खराब निघाला. तीच पुली ७० मिलिमीटरची केली तर रिकाम्या चालीला हजारावर आणि कामाच्या वेगाला ३००० फेरे मिळतात. अल्टरनेटरला हा वेग मुळीच जास्त नाही, गाड्यांवर तो याच्या कितीतरी पुढे फिरतो.

पण पुली लहान करण्यालाही मर्यादा आहे. क्रँकवर जाड पट्ट्याची खाच असेल आणि अल्टरनेटरवर बारीक, तर बारीक पट्टा मोठ्या खाचेच्या तळाला बसतो, कडा धरत नाही आणि घसरतो. जाड पट्टा फार लहान पुलीवर वळवला तर आतून तडकतो. लेथवर पुली करून घेताना क्रँकच्या खाचेचे माप सोबत न्या. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला की ताण बरोबर. अल्टरनेटर कुठल्याही दिशेने फिरला तरी वीज देतो, मात्र त्याचा पंखा एका दिशेचा असू शकतो. उलट फिरला तर हवा कमी ओढतो आणि आत तापतो. काही जुन्या डोझरांत डायनामो पट्ट्यावर नसून थेट गिअरवर असतो. तिथे हा बदल गावच्या वर्कशॉपचा नाही, ते भोक बंद करून दुसरीकडे पट्टा काढावा लागतो. हे आधी बघूनच खर्चाचा अंदाज बांधा.

ब्रॅकेटला पातळ पत्रा चालणार नाही. चेनच्या यंत्राचा हादरा रबर टायरच्या यंत्रापेक्षा फार वेगळा, एका बोल्टवर लटकवलेला अल्टरनेटर महिन्याभरात कान मोडतो. दोन्ही पायांनी धरणारा, जाड पट्टीचा ब्रॅकेट करा.

वायरिंगमध्ये कटआउटची पेटी पूर्ण बाजूला काढा. जुनी वायर ११ किंवा २२ अँपिअरसाठी होती, तिच्यातून ४० नेऊ नका. अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून सेल्फच्या बॅटरीवाल्या बोल्टपर्यंत नवी, १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरीच्या टोकाला ६० अँपिअरचा फ्यूज. जुन्या २०-०-२० (दोन्ही बाजूंना २० अँपिअरपर्यंतच्या) अँमीटरमधून हा प्रवाह नेला तर तो जळेल, त्याऐवजी व्होल्टमीटर बसवा. डायनामोची जुनी फील्डची (त्याला चुंबकत्व देणारी) वायर चार्जिंगच्या दिव्यासाठी वापरता येते. तो दिवा शोभेचा नाही, त्यातूनच अल्टरनेटरला पहिला धक्का मिळतो. १२ व्होल्टवर साधारण ३ वॅटचा साधा बल्ब लावा. एलईडी लावली तर अनेकदा चार्जिंग सुरूच होत नाही. डिझेल बंद करायला विजेचा सोलेनॉइड (विजेवर हलणारी खटकी) असेल तर या दिव्याच्या वायरीत एक डायोड टाकून घ्या, नाहीतर चावी काढूनही इंजिन थांबणार नाही.

कोकणातली खास गोष्ट अर्थची. ब्रॅकेट, बोल्ट, इंजिन यांच्यामध्ये गंज आणि रंग असतो. कागदावर बॉडी अर्थ आहे, प्रत्यक्षात नाही. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी केबल टाका. प्रत्येक टोक घासून घट्ट करा, मग वरून व्हॅसलिन.

सुरू केल्यावर मल्टीमीटरने बघा. १२ व्होल्टच्या यंत्रावर बॅटरीपाशी १३.८ ते १४.४, २४ व्होल्टच्या यंत्रावर याच्या दुप्पट. सगळे दिवे लावून कामाच्या वेगाला १३.५ च्या खाली जात असेल तर पट्टा, पुली किंवा अर्थ शोधा. १५ च्या वर जात असेल तर लगेच बंद करा, रेग्युलेटर गेला आहे, बॅटरी उकळेल.

आता सर्वात महत्त्वाचे, आणि ते मेकॅनिकला, ऑपरेटरला समोर बसवून सांगायचे. कोकणात अल्टरनेटर खाऱ्या वाऱ्याने मरतात त्याहून जास्त डायनामोच्या काळातल्या हाताच्या सवयींनी मरतात. चालू इंजिनवर बॅटरीची क्लॅम्प काढून चार्जिंग आहे का बघणे, ही डायनामोवर चालून गेलेली रीत अल्टरनेटरवर रेग्युलेटर आणि डायोड दोन्ही घेऊन जाते. जाड वायर बॉडीला टेकवून ठिणगी बघणे, तेच. बॅटरीचा कट-ऑफ स्विच असेल तर इंजिन थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

आणि वेल्डिंग. हंगामात ब्लेडची धार, चेनची पाटी, कुठला ना कुठला जोड रोज वेल्ड होतो, तोही रानातच, जनरेटर नेऊन. त्याआधी बॅटरीची दोन्ही टोके आणि अल्टरनेटरच्या वायरी सुट्या करायच्या. पाच मिनिटांचे काम आहे. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या जवळच लावा, इंजिनवर कधीच नाही. हे डॅशबोर्डवर रंगाने लिहून ठेवा, कारण वेल्डर दर वेळी तोच नसतो.

जांभ्याची तांबडी धूळ पंखा आत ओढतो. आठवड्याला हवेच्या पाइपने ती उडवा. सर्व्हिसिंगच्या पाण्याचा फवारा मात्र अल्टरनेटरवर मारू नका. चेन वर चिखल उडवत असेल तर खाली पत्र्याची आड लावा, पण जाळीची तोंडे झाकू नका. जूनमध्ये यंत्र उभे करताना बॅटरी काढून घरात, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्याला एकदा चार्ज करा. पूर्ण भरलेली, स्थिर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. ताडपत्री यंत्राला गुंडाळू नका, आत घाम धरतो. वर छप्पर आणि बाजू मोकळ्या ठेवा. वायरींची तोंडे टेपने बांधा, उंदरांसाठी नळीतून न्या. पावसाळ्यात एखाद्या उघडिपीला पट्टा सैल करून अल्टरनेटरची पुली हाताने चार वेळा फिरवून ठेवली, तर बेअरिंग एका जागी गंज धरत नाही.