सलाईन पंपावर कधी घ्यायचं? या चुका टाळा

वॉर्डात इन्फ्युजन पंप (ठरलेल्या वेगाने सलाईन किंवा औषध ढकलणारं यंत्र) दोनच आणि सलाईन चालू वीस जणांना, म्हणून ज्याचं सलाईन अडतंय त्याला पंप लावायची सवय पडते. पहिली चूक हीच. एरवी धडधाकट असलेल्या रुग्णाच्या साध्या सलाईनला थेंब मोजले तरी पुरतं. लिटरभर सलाईन 8 तासांत द्यायचं तर ताशी 125 मिली, म्हणजे 20 थेंबांच्या सेटवर (20 थेंबांत 1 मिली) मिनिटाला साधारण 42 थेंब. रुग्णाने हात वळवला की हा वेग बदलतो, पण तेवढं इथे चालतं. नॉरॲड्रेनालिन (बीपी वाढवणारं), इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारं), ऑक्सिटोसिन (कळा आणणारं) या ड्रिपला ते चालत नाही, तिथे पंपच हवा. तान्ह्या बाळाचं आणि हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांचं साधं सलाईनही पंपावरच घ्या.

पोटॅशियमबद्दल जरा थांबून सांगते. 10 मिलीच्या एका अँप्युलमध्ये 20 एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं आणि हाताच्या शिरेतून ताशी 10 एमईक्यूच्या वर सहसा देत नाहीत. नळीवरचा वेग ठरवणारा रोलर सैल राहिला तर हृदय थांबू शकतं, म्हणून इथे पंप हवाच. तरीही अँप्युल घातल्यावर बाटली नीट उलटसुलट करायची राहते. मग औषध तळाशी साचतं आणि पंप तेच घट्ट द्रावण आधी आत ढकलतो. थेट इंजेक्शन म्हणून तर हे कधीच द्यायचं नाही.

ऑक्लूजनचा (नळी अडल्याचा) अलार्म वाजला की आवाज बंद करून पुन्हा स्टार्ट दाबू नका. क्लॅम्प (नळी बंद करणारी चिमटी), थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), दुमडलेलं कोपर तपासा. नळीत दाबून राहिलेलं औषध अडथळा सुटताच एकदम आत जातं, म्हणून आधी रुग्णाची बाजू बंद करून तो दाब सोडा.

उलट, औषध शिरेबाहेर जात असेल तर पंप बहुतेक वेळा वाजतच नाही, शांतपणे ढकलत राहतो. नॉरॲड्रेनालिनने तिथली कातडी काळी पडून मरू शकते. ड्युटी घेताना मी आधी रुग्णाचा हात बघते, मग पंपावरचा आकडा.

सिरिंज पंपावर (सिरिंजमधलं औषध हळूहळू ढकलणारा पंप) ताशी एक-दोन मिली चालू असेल तर नवी सिरिंज लावल्यावर औषध पोचायला काही मिनिटं जातात आणि नॉरॲड्रेनालिन असेल तर तेवढ्यात बीपी घसरतं. सिरिंज संपायच्या आधी दुसरी भरून ठेवा, रुग्णाला जोडण्यापूर्वी पर्ज करा (औषध नळीच्या टोकापर्यंत ढकलून हवा काढा), आणि पंपातून सिरिंज किंवा सेट काढताना आधी क्लॅम्प बंद करा.