इंग्लंडमधलं उजाड गाव जमिनीवरून कसं वाचायचं

मध्ययुगात नांदती होती आणि नंतर उठून गेली, अशी तीन हजारांहून जास्त गावं इंग्लंडमध्ये नोंदली गेली आहेत. त्यांतली बरीच आज मेंढ्यांच्या कुरणाखाली आहेत. नजर तयार नसेल तर उंचसखल गवतापलीकडे काही दिसत नाही. नजर तयार करायला उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर वोल्ड्स टेकड्यांतलं व्हॅरम पर्सी हे उजाड गाव सगळ्यांत चांगलं. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरस्फर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने तिथं 1950 ते 1990 या काळात उन्हाळ्यामागून उन्हाळे उत्खनन झालं. त्यामुळे वर दिसणारी खूण आणि खाली प्रत्यक्ष निघालेलं काम ताडून पाहता येतं. जागा ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे, प्रवेश मोफत. गाडी लावल्यावर सव्वा किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं आणि वाट निसरडी असते, म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट घाला.

आधी कागद

थेट शेतात जाऊ नका. गाव कधी होतं आणि कधी नव्हतं, हे आधी करांच्या यादीतून काढा: 1086 चं डूम्सडे (राजाने करवलेली जमीन-महसुलाची पाहणी), 1334 चा कर, 1377 ची डोईपट्टी. 1377 ची यादी विशेष उपयोगी, कारण ती 14 वर्षांवरच्या माणसांवर होती आणि वस्तीचा अंदाज देते. एखाद्या यादीत नाव नाही म्हणून गाव संपलं असं धरू नका. 1334 मध्ये लहान गावांचा हिशोब पुष्कळदा शेजारच्या गावात मिसळलेला असतो.

मग नकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा खात्याचे एकोणिसाव्या शतकातले सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे मोफत आहेत. एकटं चर्च, कुठेच न पोचणारी वाट, चार पायवाटा मोकळ्या रानात येऊन मिळण्याची जागा, या तीन गोष्टी शोधा.

त्यानंतर लायडार, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेली जमिनीची उंची. एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेची 1 मीटरची माहिती मोफत उतरवता येते. झाडं वगळलेलं भूपृष्ठ, म्हणजे डीटीएम, घ्या. डीएसएम, म्हणजे झाडं-इमारतींसकटचं पृष्ठ, घेतलंत तर झाडांचे शेंडेच दिसतील. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये त्यावर कृत्रिम ऊन पाडून सावल्यांचं चित्र (हिलशेड) करताना बहुतेक जण 315 अंशांचा ठरलेला प्रकाश तसाच ठेवतात. इथेच चूक होते: वायव्य-आग्नेय जाणारे बांध त्या प्रकाशाला समांतर असल्याने सावलीच टाकत नाहीत. प्रकाश 45-45 अंशांनी फिरवून आठ चित्रं करा, आणि सूर्याची उंची 15 ते 30 अंशांत ठेवा.

मग जमीन

डिसेंबर ते फेब्रुवारी, गवत आखूड, सकाळचं किंवा मावळतीचं तिरपं ऊन. हातभर उंचीचा बांध ऊन वर असताना पुसट होतो आणि मावळतीच्या सुमारास काळ्या रेघेसारखा उठून दिसतो. पातळ बर्फ किंवा दहिवर पडलं असेल तर आणखी चांगलं.

वाचायची सुरुवात रस्त्यापासून करा. शेकडो वर्षं गाड्या आणि गुरं गेल्याने गावचा रस्ता पाणंदीसारखा खोल गेलेला असतो. तो सापडला की त्याच्या कडेने चाला. दोन्ही बाजूंना ओळीने चौकोनी तुकडे लागतात, मधे बुटके बांध. रस्त्यालगतचा तुकडा घराचा, त्याला टॉफ्ट म्हणतात. मागचा लांबट तुकडा परसाचा, तो क्रॉफ्ट. टॉफ्टमध्ये साधारण 15 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असा सपाट उंचवटा दिसला तर ते घराचं जोतं. लांब बाजूला मध्यावर समोरासमोर दोन खाचा असतील तर त्या दारांच्या. अशा लांब घरात एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं राहत.

कागदावर 1:1000 प्रमाण घ्या. उतार दाखवताना रेघ वरच्या कडेला जाड सुरू करून खाली निमुळती करत न्या. जवळजवळ रेघा म्हणजे तीव्र उतार, विरळ म्हणजे मंद. दोन बांध एकमेकांना छेदतात तिथे थांबा आणि कोणता कोणावर चढलाय ते लिहून ठेवा. गावाचा कालक्रम तिथेच हाती लागतो, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

गावठाणाबाहेर सरी-वरंबा तपासा. जुने वरंबे रुंद असतात, दोन माथ्यांमधलं अंतर सहसा 5 मीटरांपेक्षा जास्त, आणि वरून पाहिलं तर उलट्या एस अक्षरासारखे वळतात. आठ बैलांची जोडणी शेताच्या टोकाला वळवायची तर आधीपासूनच बाजूला घ्यावी लागे, म्हणून ते वळण. अगदी सरळ आणि अरुंद वरंबे बहुधा एकोणिसाव्या शतकातले. ससे पाळायचे उंचवटे, खडू-दगडाच्या खाणी, महायुद्धातले खंदक हेही घरांसारखे भासतात. मागे परसाचा तुकडा आहे का, रस्ता लागून आहे का, एवढं पाहिलं तरी बरीच गफलत टळते.

वर दिसतं ते गावाचं शेवटचं रूप, हे मात्र मनात पक्कं असू द्या. व्हॅरममध्ये एका शेतकऱ्याच्या घराखाली बाराव्या शतकातल्या जमीनदाराच्या गढीचं तळघर निघालं. वरून त्याचा कुणाला सुगावाही लागला नसता.

गाव का उठलं?

1348-49 च्या प्लेगवर सगळं ढकलण्याचा मोह आवरा. प्लेगने माणसं मेली, गावं खिळखिळी झाली. पण पुरतं उठायला पुष्कळदा आणखी शंभर-दीडशे वर्षं लागली, आणि शेवटचा धक्का मेंढपाळीचा होता. लोकरीला भाव होता, मजुरी वाढली होती, म्हणून मालकांनी नांगराची जमीन कुरणाला दिली. 1517 च्या सरकारी चौकशीत व्हॅरमची 4 घरं पडल्याची आणि 4 नांगर थांबल्याची नोंद आहे. सेंट मार्टिन चर्चच्या भिंतीत बुजवलेल्या कमानी आजही दिसतात: बाजूची दालनं पाडून चर्च लहान केलं गेलं. पण यावरून एकट्या व्हॅरमची लोकसंख्या मोजू नका, कारण या चर्चच्या हद्दीत आणखी 4 गावं होती.

नांगरलेल्या शेतात खापरं दिसली तर 20 मीटरचे चौकोन आखून प्रत्येकातली मोजा. सगळीकडे तुरळक असतील तर ती उकिरड्यातल्या खताबरोबर आलेली. एकाच जागी दाट असतील तर तिथे वस्ती. मालकाची परवानगी आधी घ्या. संरक्षित स्मारकावर परवान्याविना खोदणं किंवा मेटल डिटेक्टर चालवणं हा 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि व्हॅरम संरक्षित आहे. आराखडा पूर्ण झाला की त्याची प्रत त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्डकडे, म्हणजे ऐतिहासिक जागांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, पाठवा, सोबत तारीख, प्रकाश कसा होता आणि गवत किती होतं हे लिहून.