नाताळच्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवावी
करंज्या, केक, नवे कपडे आणि पाहुण्यांची सरबराई यांच्या गडबडीत ज्याचा जन्मदिवस आहे तोच बाजूला पडू नये, यासाठी घरातील गोठ्याचा देखावा आधी मांडला तरी बाळ येशूची मूर्ती 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नये. ती रिकामी जागा येता-जाता नजरेस पडते आणि आगमनकाळ, म्हणजे नाताळापूर्वीचे सुमारे चार आठवडे, हा मुळात वाट पाहण्याचा काळ असल्याची आठवण देते. (एखादा घाणा करंज्या कमी तळल्या, तरी काही बिघडत नाही.) मूर्ती ठेवताना लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पहिली 20 वचने, ज्यांत उतारशाळेत जागा न मिळालेल्या कुटुंबाची आणि रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांची हकिकत आहे, घरातील वाचता येणाऱ्या सर्वांत लहान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.