पिंक फ्लॉइडच्या दुर्मीळ तबकड्या पारखून घेताना

पुण्यात जुन्या तबकड्या शोधणाऱ्याने मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर गाठावा. मात्र पैसे देण्यापूर्वी तबकडी उजेडात तिरकी धरून तिच्यावरील ओरखडे तपासावेत आणि ती वाकलेली नाही याची खात्री करावी.

खरी पारख आवृत्तीची असते. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या ब्रिटिश आवृत्तीचा क्रमांक ‘एसएचव्हीएल ८०४’ नंतरच्या छपाईतही कायम राहिल्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. पहिल्या छपाईच्या लेबलावरील त्रिकोण निळ्या रंगाने पूर्ण भरलेला असतो, तर पुढे त्याची केवळ बाह्यरेषा उरली. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले ‘ए-२’ आणि ‘बी-२’ हे पहिल्या छपाईचे क्रमांक भिंगातून वाचावेत, तसेच दोन पोस्टर आणि दोन स्टिकर आत आहेत का, हेही पाहावे, कारण त्यांच्याविना संच अपुरा ठरतो व किंमत उतरते. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने काढलेल्या भारतीय आवृत्त्यांकडे मात्र दुय्यम म्हणून पाहू नये. आपल्याकडे हे संगीत कसे पोहोचले याच्या त्या साक्षीदार आहेत, आणि माझ्या मते संग्रहाचा आरंभ त्यांच्यापासूनच करावा.

पावसाळ्यातील दमट हवेत वेष्टनांना बुरशी लागते, म्हणून तबकड्या कोरड्या कपाटात, भिंतीला न टेकवता, उभ्याच ठेवाव्यात. साफ करताना अल्कोहोलमिश्रित द्रावण विनाइल या प्लॅस्टिकच्या तबकड्यांवर जपून वापरता येते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना मात्र त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते.